अण्णा, तू भिवाला विचारलं नाहीस

तुला माती देऊन पुरुष माणसं परतली तेव्हा ओसरीवर बसायला जागा नव्हती. अण्णा, मी आतल्या दारात उभी राहून एकेकाकडं तुझ्यासारखी बघत होते. कोण खरंच रडतंय, कोण उपरणं नुसतंच डोळ्याला लावतंय. विमा कंपनीतले तुझे कारकून एका बाजूला बसले होते, तुझ्या कादंबऱ्या वाचणारे दुसऱ्या बाजूला, आणि ही दुसरी मंडळी कशाला आली आहेत ते पहिल्यांना कळत नव्हतं. ‘त्रिनेत्र’ या नावानं रहस्यकथा लिहिणारा माणूस म्हणजे आपलाच साहेब, हे त्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशीच समजलं. तुझे हेडक्लार्क माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बाई, त्या कादंबरीत शाईची दौत चोरणारा जो हेडक्लार्क आहे, तो...”

“ते तुम्ही नाही,” मी म्हटलं.

ते तेच आहेत. तूच मला सांगितलं होतंस.

संशय घेणं हे तुझं कामच होतं. कापडाच्या दुकानांच्या पायऱ्या चढून-उतरून विमे विकणारा तू पुढं इन्स्पेक्टर झालास, मग सोलापूर शाखेचा मॅनेजर. विमा विकताना तुझ्याइतका गोड माणूस नव्हता आणि दावा आला की तुझ्याइतका कडू नव्हता. वहिनी म्हणायची, “यांना कुणी गेल्याचं सांगितलं तरी आधी विचारतील, बघितलं कुणी?” घरातही तेच. दूधवाला उशिरा आला तर तुला संशय यायचा, आणि लवकर आला तर जास्त यायचा.

बार्शीकडच्या त्या आडत्याची हकीकत तू मला शेंगा फोडत सांगितली होतीस. पटकीनं गेला म्हणून दावा आला होता. डॉक्टरचा दाखला होता, बायको कपाळ पुसून बसली होती, भाऊ ऊर बडवत होता. तू कुणालाही काही विचारलं नाहीस. त्यांच्याकडं चहा घेतलास आणि गावच्या न्हाव्यापुढं दाढीला जाऊन बसलास. तो साबण लावत असताना सहज म्हणालास, “आडत्याच्या घरचं गिऱ्हाईक गेलं रे तुझं.”

“कुटं गेलं?” न्हावी म्हणाला. “परवाच माडीवर जाऊन दाढी करून आलो की.”

ती तुझी पहिली कादंबरी झाली. तुझा गुप्तहेर जगदेव तीत म्हणतो की घरच्या माणसांना सगळ्यात शेवटी विचारावं. आधी न्हाव्याला, परटिणीला, शेतातल्या गड्याला विचारावं, कारण त्यांना खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं. पुढच्या प्रत्येक कादंबरीत जगदेव तेच करतो. मला पाठ आहे ते. तू सकाळी ऑफिसला जायच्या आधी लिहायचास, तुझं अक्षर मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेल्यासारखं, आणि शाळेतून आल्यावर मी त्याची स्वच्छ नक्कल करायची. पुण्याच्या प्रकाशकाकडं गेलेली तुझी एकूण एक ओळ माझ्या हातची आहे.

आणि म्हणूनच, अण्णा, माझा तुझ्यावर संशय होता. इतकी वर्षं तुझ्या घरात राहून, तुझ्या पंक्तीला जेवून, होता.

माझे यजमान शाळेत शिकवायचे. तू त्यांना कधी नावानं हाक मारली नाहीस, ‘मास्तर’च म्हणायचास. त्यांचा विमा तूच उतरवलास. ते नको म्हणत होते, तू म्हणालास, “मास्तर, मेहुण्याचं एवढं एक ऐका.” त्यांनी हसत सही केली. त्याच उन्हाळ्यात सोलापुरात मार्शल लॉ आला. डोक्यावरची पांढरी टोपी काढली नाही म्हणून त्यांना धरून नेलं. सुटून आले तेव्हा शाळेतली नोकरी गेलेली होती. नोकरीचं मला फारसं वाटलं नाही. ते बोलेनासे झाले, त्याचं वाटलं. भाकरी वाढली तर जेवायचे, नाही वाढली तर मागायचे नाहीत. आम्ही केमला सासऱ्यांच्या घरी राहायला गेलो. तिथं ते रोज मळ्यात जायचे आणि विहिरीजवळ बसून राहायचे. सासूबाई म्हणायच्या, “जाऊ दे, हवा लागू दे त्याला.”

दिवाळीला तू मला माहेरी घेऊन आलास. मी यायला तयार नव्हते. तेच म्हणाले, “जा, चार दिवस राहून ये.” बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी एवढं बोलले, आणि मला त्यातही काहीतरी वेगळं वाटलं. मी सोलापुरात असतानाच केमहून माणूस आला. मास्तर विहिरीत गेले.

विहिरीत गेले. पडले, का उडी घेतली, हे या शब्दांतून कळत नाही. केमच्या बायका माझ्यासमोर नेहमी तेवढंच बोलायच्या, फार सांभाळून.

माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तू एकटाच मळ्याकडं निघालास. मी सासरच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. तुला जाताना बघितलं आणि येतानाही बघितलं. बार्शीच्या आडत्यासाठी सबंध दिवस घालवणारा तू, मळ्यापर्यंत चालायला लागतो तेवढ्याच वेळात जाऊन परत आलास. आल्यावर रांजणाजवळ उभा राहून पाय धूत राहिलास, चिखल निघून गेल्यावरही.

“पाय घसरला मास्तरांचा,” तू म्हणालास. “काठ ढासळलेला आहे. मी बघून आलो.”

“भिवा होता ना तिथं?” मी विचारलं. भिवा म्हणजे मळ्यातला सालगडी.

“होता.”

“तो काय म्हणाला?”

“तेच,” तू म्हणालास, आणि माझ्याकडं बघितलं नाहीस.

वर्षाच्या आत आत्मघात झाला तर विमा रद्द, हे कलम मला माहीत होतं. तूच जेवताना कितीदा त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्यास. नात्यातल्या माणसाचा दावा आला तर तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडं सोपवायचा, हा नियमही तुझ्याच शाखेतला. माझ्या वेळी तू तो सोपवला नाहीस. अहवाल तू लिहिलास, सही तुझी, आणि रक्कम मंजूर झाली. भिवा महिन्याभरात केममधून नाहीसा झाला. सासूबाई म्हणाल्या, भ्याला असेल. मी मनात म्हटलं, कुणाला?

त्या रकमेवर मी ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि बाळीवेशीत तुझ्या घरी राहून मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. सासरी राहून मी काय झाले असते ते तुलाही माहीत होतं, मलाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मनात यायचं, हे सगळं एका खोट्या कागदावर उभं आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते मला सोडून स्वतःच्या पायानं निघून गेले आहेत. तू खोटं बोलला असशील याचा राग नव्हता मला. तू खोटं बोललास, म्हणजे खरं काय होतं ते ठरूनच गेलं, त्याचा होता.

म्हणून मी तुझ्या कादंबऱ्यांत शोधायची. नक्कल करताना माझं अर्धं लक्ष अक्षराकडं आणि अर्धं तुझ्याकडं. कुठंतरी तुझ्या हातून निसटेल असं वाटायचं. ‘हिरव्या काचेचा कंदील’ तू संपवत होतास तेव्हा एका सकाळी मी लेखणी खाली ठेवली.

“अण्णा, तुझ्या कादंबऱ्यांत माणसं विषानं मरतात, फासानं मरतात, आगगाडीखाली मरतात. विहिरीत कुणीच का मरत नाही?”

तू चष्मा पुसत बसलास. “विहिरीत रहस्य नसतं, तंगी. नुसतं पाणी असतं.”

मी तुझी धाकटी बहीण, म्हणून तू मला आईच्या कानडीत ‘तंगी’ म्हणायचास.

“जगदेवानं भिवाला तसंच सोडलं असतं?”

“जगदेव खोटा माणूस आहे. मी केलाय त्याला.”

“आणि तू?”

“इरली बिडू,” तू म्हणालास. राहू दे. आपली भांडणं मिटवायला आई असंच म्हणायची. पण मी राहू दिलं नाही. मी म्हटलं, “कंपनीला जे लिहून दिलंस ते खरं होतं का, एवढंच सांग.”

तू उठलास. कोट घातलास, रुमाल बांधलास, आणि दारात जाऊन वळलास. “तुला शाळेत शिकवायला आवडतं ना?”

“आवडतं.”

“मग झालं.”

तुझं ते उत्तर मी कबुलीच धरलं. नंतर आपण दोघांनी तो विषय काढला नाही. तू लिहीत गेलास, मी उतरवत गेले. पण संध्याकाळी तू ऑफिसातून आलास की आपण एकमेकांच्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघायचो. मी किती ओळखलं आहे याचा तुला संशय होता, आणि तू किती लपवलं आहेस याचा मला. त्यात बारीकसारीक गोष्टी जमत गेल्या. आपण टांग्यातून कुठं निघालो आणि गिरणी सुटायची वेळ असली, की तू टांगा दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला लावायचास. गर्दी असते म्हणायचास. तुला गर्दीचा त्रास कधी होता? विमा तर तू गर्दीतच विकलास.

मग मुंबईहून बोलावणं आलं. मुख्य कचेरीत सगळ्या दाव्यांचा वरिष्ठ अधिकारी म्हणून. वहिनीनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. तू नाही म्हणून कळवलंस. वहिनी किती तरी दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिला वाटलं, नणंदेची शाळा सोलापुरात म्हणून यांनी मुंबई सोडली. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, “काय म्हणाले माहीत आहे का मला? म्हणाले, दुसऱ्याच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करायला मी लायक राहिलो नाही. कुणामुळं राहिले नाहीत, ते मी विचारलं नाही.” माझ्या मते पुरावा पुरा झाला होता.

तू गेलास तो दिवस साधाच होता. सकाळी दोन पानं लिहिलीस, छातीत दुखतंय म्हणालास, वहिनी सुंठीचं पाणी घेऊन आली तोवर खुर्चीतच मान कलली. तुझ्या हातून माझं उत्तर राहूनच गेलं, असं वाटून मला आधी राग आला. रडू नंतर आलं. हे तुला सांगायला हरकत नाही.

आता खरं सांगायचं ते ऐक.

तुझ्या दिवसकार्याला स्वामी जेवून गेले, पंगती उठल्या. मी अंगणात पाणी टाकत होते. दाराशी एक माणूस उभा होता, पटका हातात घेऊन. केसांत आणि कानांवर कापसाचं तूस. गिरणीतला कुणी तुझा विमेदार असेल असं वाटलं.

“वळखलं न्हाय का बाई?” तो म्हणाला. “म्या भिवा. केमच्या मळ्यातला.”

बादली खाली ठेवली मी. “तू इथं कुठं?”

“हितंच हाय की. गिरणीत. सायबानीच चिकटवलं.”

“कधी?”

“मास्तर ग्येलं, त्याच म्हैन्यात.”

म्हणजे तू साक्षीदाराला केममधून उचललास, नोकरी दिलीस आणि माझ्यापासून एका भोंग्याच्या अंतरावर आणून ठेवलास. टांगा का वळत होता तेही कळलं. तुझ्याच कादंबरीतल्या खलनायकानं करावं तसं तू केलं होतंस. वहिनी आवाज ऐकून बाहेर आली होती. तिच्यासमोरच मी विचारलं, “गप्प बसायचं ठरलं होतं काय तुमचं?”

“गप बसायचं?” भिवाला ते कळेचना. “न्हाय बाई, आसं कायबी न्हाय. सायब म्हणलं, भिवा, तू उपाशी मरायला नगं, पर आमच्या घराकडं यायचं न्हाय. तेवढीच आण घातली व्हती. आता सायबच न्हाईत, म्हून आलो.”

“त्या दिवशी मळ्यात तू अण्णांना काय सांगितलंस?”

“सांगू कुटं दिलं?” भिवा म्हणाला. “आलं, हिरीचा काठ बघितला, हात लावून बघितला. म्हणलं, ह्यो दगूड आताच ढासळलाय का रं? म्या म्हणलं, व्हय. म्होरं सांगाया लागलो, तर हात वर केला. म्हणलं, थांब, म्या तुला इचारलं न्हाय. कुणी इचारलं तर दगडाचं सांग. त्येच्या म्होरचं मला ऐकायचं न्हाय. डोळं भरून आल्तं सायबाचं. आन गेलं की माघारी.”

वहिनी पायरीवर बसली. मुंबईची जागा हातची का गेली हे तिला तिथंच समजलं.

मलाही समजलं, अण्णा. तू चौकशी केलीच नव्हतीस. सगळ्या सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही तो तू, त्या एका माणसाला तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस आणि त्यानं उडीचं सांगितलं असतं, तर तुला ते लिहावं लागलं असतं. तू लिहिलंच असतंस, मी ओळखते तुला. म्हणून तू दगड बघितलास आणि तेवढंच लिहिलंस. उडीच घेतली, असं तूही माझ्यासारखंच धरून चाललास.

आता विचारायची पाळी माझी होती, आणि मला जमेना. मीही हात वर करून त्याला परत पाठवावं असं वाटलं. त्याला चहा द्यावा, तुझं काहीबाही बोलावं, आणि जाऊ द्यावं. वहिनी पायरीवरूनच म्हणाली, “विचार गंगू. यांनी विचारलं नाही, तू तरी विचार.”

मी विचारलं.

“मास्तर सकाळच्याला आलं ते लिंबाचं रोप घिऊन आलं,” भिवा म्हणाला. “म्हणलं, पाटाच्या कडंला लावू भिवा, बाई म्हायेराहून आल्या की दावू. लई दिसांनी त्वांड उघडलं व्हतं त्येंनी. मला बी बरं वाटलं. मंग पानी किती चढलंय बघतो म्हणलं आन काठावर वाकलं. म्या बैलं सोडत हुतो. दगूड ढासळल्याचा आवाज झाला तसा पळालो. मास्तर पान्यात, हात वर करून वरडत हुते. भिवा, दोर टाक, म्हणत हुते. भिवा, दोर टाक.”

तो थांबला. पटका तोंडावर धरून उभा राहिला. मग म्हणाला, “टाकला की बाई. धरला बी त्येंनी. दोन्ही हातांनी धरला. निम्म्यावर आल्तं वर. आन काठाचा दुसरा दगूड सुटला तो त्येंच्या डोस्क्यात बसला. हात सुटलं. मला पवता येत न्हाय बाई. वरडलो लई. लांब हुती मानसं.”

“हे फौजदाराला नाही सांगितलंस?”

“घसारलं म्हणलं, तसा त्येनं अंगठा घ्येतला आन गेला. इचारलं कुणी मला? आज तुमीच पैल्यांदा इचारताय.”

मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही. वहिनीनं उठून त्याला पान वाढलं, आणि तो ओसरीच्या कडेला बसून जेवला. मी त्याच्यासमोर बसून राहिले, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. दोर धरला होता का? दोन्ही हातांनी? रोप कसलं होतं? तो न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

माझा जो मास्तर मला टाकून गेला असं मी इतकी वर्षं समजले, तो माझी वाट बघत होता. हे कळल्यावर मला पहिला विचार तुझा आला. मला मिळालं ते तुला मिळालं नाही. खोट्या कागदावर सही केली असं मानून तू रोज कोट घालून ऑफिसला गेलास, दुसऱ्यांचे दावे तपासलेस आणि स्वतःला मनात नापास करत राहिलास. त्या कागदावर तू लिहिलं होतंस की पाय घसरून पडले. अण्णा, त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. माझ्यासाठी तू खोटा व्हायला तयार झालास, तेवढ्यावरच माझं आयुष्य उभं राहिलं. पण तू खोटा झाला नव्हतास.

तुझ्यावर रागावावं असंही वाटतं. एका प्रश्नाचं काम होतं. तू विचारला असतास तर मी केमच्या बायकांपुढं मान वर करून बसले असते, तू मुंबईला गेला असतास, वहिनी समुद्रावर फिरली असती. पण तू कशासाठी विचारला नाहीस ते आठवलं की राग टिकत नाही. जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणाऱ्या तुला, माझं काय होईल याची भीती त्या संशयापेक्षा मोठी वाटली. मला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी, तुला माती दिली त्या रुद्रभूमीत आलो. तुझ्यावरची माती अजून बसलेली नव्हती, बेलाची पानं सुकून वर पडली होती. मी येताना टांग्यात मनाशी सगळं जुळवून आणलं होतं, कुठून सुरू करायचं, भिवाचं नाव कधी घ्यायचं. तिथं उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. वहिनी माझ्याकडं बघत थांबली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, तुझ्या उशाशी वाकली, आणि तू जेवायला बसल्यावर घरातली एखादी गोष्ट तुझ्या कानावर घालायची तशा आवाजात म्हणाली, “अहो, ऐकलं का? मास्तर दोर मागत होते.”